सुपातला थोरला

माझ्या सासूबाईंना वाचता येत नव्हतं आणि त्याची शिक्षा मला भोगावी लागली. १९६४ साली लग्न होऊन मी जळगावात त्यांच्या घरी आले, तेव्हा मी नगरपालिकेच्या शाळेत पहिलीच्या वर्गावर होते. दिवसभर पोरांकडून बाराखडी घोटून घ्यायची, घरी येऊन चहा टाकायचा, आणि तो घशाखाली उतरतो न उतरतो तोच सासूबाई पवित्र शास्त्र माझ्यापुढे ठेवून पदर सावरून बसायच्या. बरं, चार लोक ऐकतात तशा गोष्टी ऐकाव्यात, स्तोत्रं ऐकावीत, तर तेही नाही. त्यांना पहिल्या पानापासून सगळं ऐकायचं होतं, आणि सगळं म्हटलं की त्यात वंशावळ्या आल्या.

वंशावळ मोठ्याने वाचणं म्हणजे काय, हे ज्यांनी वाचली नाही त्यांना सांगून कळायचं नाही. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला, फलाणा एवढी वर्षं जगला आणि मेला. नावंही अशी की जीभ अडखळून पडावी. आमच्या चर्चचे पाळकसाहेबसुद्धा ती पानं अंगठ्याने सरकवून पुढे जायचे. मीही तेच केलं. दोन नावं वाचली, चार गिळली. सासूबाईंचे डोळे मिटलेले होते, मला वाटलं डुलकी लागली.

"पोरी, याना बाप कोठे गया?" त्यांनी विचारलं.

"कोणाचा बाप?"

"आते जो जन्मना त्याना. तू बाप सोडी दिन्हा."

मी पकडले गेले. जन्मभर सुईणपण केलेली बाई ती, बापाशिवाय बाळ जन्माला आलेलं तिच्या लगेच ध्यानात यायचंच. तेव्हापासून मी निमूट सगळी नावं वाचू लागले. मनातून चिडायचे, तेही सांगते. मेलेल्या माणसांच्या नावांसाठी माझी संध्याकाळ का जाळायची, असं मला वाटायचं. सासूबाई मात्र ज्याचं फक्त नाव येतं आणि पुढे काहीच येत नाही अशा माणसापाशी हमखास थांबायच्या. "याना पुढे काय व्हयनं?" मी सांगायची, काही नाही, एवढंच लिहिलंय. त्या मान हलवायच्या, ती मान बराच वेळ हलत राहायची.

त्यांचं नाव झुंबरबाई. माहेर सोनगीरचं, त्यामुळे बोली शेवटपर्यंत तिकडची राहिली. सासर नशिराबादचं, जळगावला बिऱ्हाड नंतर आलं. दोन मुलं जाऊन तिसरा जगला, म्हणून तो चिंधीच्या मोलाने शेजारणीला देऊन परत घेतला आणि नाव ठेवलं चिंधा. तो चिंधा म्हणजे आमचे हे. पुढे सगळं घर ख्रिस्ती झालं तेव्हा मिशनच्या मडमनी त्यांचं नाव दानियल ठेवलं, पण घरात रागावताना आजही चिंधाच निघतं.

सुईणपण सासूबाई त्यांच्या आईपाशी शिकल्या होत्या. ख्रिस्ती झाल्यावर मिशनच्या दवाखान्यातल्या मडमनी त्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. कात्री उकळायची, हात साबणाने कोपरापर्यंत धुवायचे, नाळ उकळलेल्या दोऱ्याने बांधायची. एक पिशवी दिली, पांढरं लुगडं दिलं. त्या पिशवीचा सासूबाईंना फार अभिमान. नशिराबादला पाटलांची बाई असो की मारवाड्याची सून, कळा सुरू झाल्या की 'मिशनची दाई' बोलवा म्हणायचे. बोलवायचे खरे, पण परसदाराने. त्यांच्यासाठी कान तुटलेली एक कपबशी कोनाड्यात वेगळी ठेवलेली असायची. मला हे कळलं तेव्हा मी घरात आदळआपट केली. सासूबाई म्हणाल्या, "पोर जन्मले येस तवय कप कोन दखस?" मी दखते, मी म्हटलं. त्या हसल्या.

त्यांची एक खोड मात्र आमच्या मंडळीत कोणालाच समजत नव्हती. कुठल्याही बाळाला जन्मल्या जन्मल्या त्या मनगटाला दोरा बांधायच्या. बाळ हिंदूचं असो, मुसलमानाचं असो, आमच्या चर्चमधल्या कारभाऱ्याचं असो. बाळ एकच असलं तरी बांधायच्या. आता ख्रिस्ती बाईने गंडादोरा करायचा म्हणजे काय. पाळकसाहेब एकदा मुद्दाम घरी येऊन समजावून गेले. सासूबाई खाली मान घालून ऐकत होत्या. दुसऱ्याच दिवशी एका बाळंतिणीकडे गेल्या आणि तिच्या पोराला दोरा बांधून आल्या. जुनं खूळ आहे, जायला वेळ लागेल, असं मी पाळकीणबाईंना सांगितलं. शिकलेली होते ना मी.

त्याच वर्षी वाचता वाचता आम्ही यहूदा आणि तामार यांच्यापाशी आलो. चर्चमध्ये तो अध्याय मी कधी ऐकला नव्हता, आणि का ऐकला नव्हता ते दोन ओळी वाचल्यावरच कळलं. विधवा सून, सासरा, वेश बदलून रस्त्यावर बसणं. नव्या सुनेने सासूपुढे वाचायचं प्रकरण ते नव्हे. मी मान खाली घालून गाडी पळवल्यासारखी वाचत सुटले. शेवटी तामारेला जुळे होतात. एकाचा हात आधी बाहेर येतो. सुईण त्या हाताला लाल धागा बांधते, म्हणजे हाच पहिला हे ठाऊक राहावं. पण तो हात आत घेतो आणि दुसराच आधी जन्मतो. तो पेरेस. मागाहून धागा बांधलेला येतो, तो जेरह.

"पुन्हा वाच," सासूबाई म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं.

"कोनी बांधा दोरा?"

"सुईणीने."

त्यांनी ते पान हाताने चाचपलं. मग स्वतःशीच म्हणाल्या, "मडमनी सांगेल व्हतं, दोरा पाप शे. आन अठे शास्त्रमा सुईणनीच दोरा बांधा." आणि एवढं बोलून त्या रडायला लागल्या. त्यांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. सासरे गेले तेव्हाही त्या रडल्या नव्हत्या म्हणतात. मी घाबरून पाणी आणलं, पण त्यांनी तांब्या बाजूला सारला आणि मला बसवून सगळं सांगितलं. इतकी वर्षं त्यांनी हे मुलालाही सांगितलं नव्हतं.

नशिराबादला इंदरचंद शेठचं धान्याचं दुकान होतं. घरात त्यांची आई तारादेवी, आणि तारादेवींच्या शब्दाशिवाय दुकानातला तराजूही हलायचा नाही. थोरले भाऊ लखीचंद शेठ धुळ्याला कापडाच्या धंद्यात होते. त्यांना आणि त्यांच्या बायकोला, लाडकुंवरबाईंना, मूल नव्हतं, आणि होण्याची आशाही संपली होती. या मारवाडी लोकांचे वंशावळ सांगणारे रावजी मारवाडातून दर काही वर्षांनी यायचे. घराण्याच्या सगळ्या पिढ्या त्यांना तोंडपाठ. ओसरीवर बसून ते मूळपुरुषापासून नावं म्हणायचे, घरातले सगळे हात जोडून ऐकायचे. मुली त्यात नसायच्या. लखीचंदांच्या नावापाशी आले की रावजी थांबायचे आणि तारादेवी मान खाली घालायच्या. थोरल्याचीच ओळ आपल्या डोळ्यांदेखत बुजणार, हे त्यांच्याने सोसवत नव्हतं. म्हणून त्यांनी ठरवून टाकलं होतं. इंदरचंदाचा पहिला मुलगा इथे राहील, कारण थोरला दत्तक देत नाहीत. दुसरा होईल तो धुळ्याला जाईल. इंदरचंदांची बायको कुसुमलता, यावलची मुलगी, तिला कोणी विचारलं नव्हतं. तिला तोवर एक मुलगीच होती.

दुसऱ्या खेपेला तिचं पोट पाहूनच सासूबाईंनी सांगितलं की जुळं आहे. दुपारच्या वेळी पहिला मुलगा झाला. होताच असा रडला की ओसरीवर ऐकू गेलं. तारादेवी विटाळ नको म्हणून दाराबाहेर उभ्या होत्या. त्यांनी बाहेरूनच पूजेची लाल मोळी, म्हणजे लाल सुताची लडी, आत धरली आणि म्हणाल्या, आधी हिच्यातला धागा त्याच्या हाताला बांध. जुन्या दाया तसंच करायच्या. सासूबाईंचा बाप्तिस्मा होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. गंडेदोरे, ताईत, मोळ्या, हे सगळं सोडलंय असं त्यांनी सगळ्यांसमोर उभं राहून कबूल केलं होतं, आणि मडमनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले होते. त्या हातांनी लगेच मोळी कशी बांधायची? "मी दोरा बांधत नई," त्या म्हणाल्या. "मना ध्यानमा राही."

पहिल्याला त्यांनी कापडात गुंडाळून सुपात ठेवलं, आणि सूप बाळंतिणीच्या उशाशी. आपल्याकडे बाळ आधी सुपातच ठेवतात. मग दुसरा आला तो पायाकडून, निळा पडलेला, आवाज नाही. सासूबाईंनी त्याला चोळलं, तोंडाला तोंड लावून फुंकलं, पाठीवर थापट्या मारल्या. त्याने कसाबसा हुंकार दिला तोच कुसुमलतेचं रक्त जायला लागलं. आता बाई वाचवायची की पोर, असा प्रसंग. त्यांनी दुसऱ्याचीही नाळ बांधली, त्यालाही कापडात गुंडाळून सुपात पहिल्याशेजारी टाकला आणि बाईकडे वळल्या. रक्त थांबवायला फार वेळ लागला. मग त्या सुपाकडे वळल्या, तर दोन्ही पोरं लाल झालेली, दोघांच्या मुठी वळलेल्या, दोघांच्या नाळा एकाच रिळातल्या दोऱ्याने बांधलेल्या. दोघं एकमेकांना चिकटून, पाय एकमेकांत. डावीकडे कोणाला ठेवलं होतं, उजवीकडे कोणाला टाकलं होतं, काही म्हणता काही आठवेना.

दाराबाहेरून तारादेवींनी विचारलं, "बडो कुणसो?" थोरला कोणता?

मला ठाऊक नाही, एवढे तीन शब्द म्हणायचे होते. पण मोळी नाकारून अजून दुपारही सरली नव्हती. आता ठाऊक नाही म्हटलं असतं तर तारादेवी काय म्हणाल्या असत्या? तुझ्या मिशनने हेच शिकवलं का? गावात हसं झालं असतं, पिशवीचं, पांढऱ्या लुगड्याचं, नव्या देवाचंही. सासूबाईंनी एकाकडे बोट केलं. "हाऊ."

तो बन्सीलाल. तो नशिराबादला राहिला. दुसरा गिरधारी. सव्वा महिना होताच त्याला नवं झबलं घालून, सोबत नारळ देऊन धुळ्याला नेलं. त्या दिवशी कुसुमलता दळायला बसली होती आणि जात्यावरून उठलीच नाही, असं सासूबाईंनी ऐकलं.

"मनं बोट, पोरी," त्या मला म्हणाल्या. "एक बोट दखाडं, आन पोऱ्या मायपाइन गया."

मी त्यांची समजूत काढली. शिकलेल्या बाईला जेवढी येते तेवढी काढली. म्हटलं, आई, दोघांतला एक तर जाणारच होता. तुमचं बोट कदाचित बरोबरच पडलं असेल. त्या म्हणाल्या, त्या कदाचितवरच मी जगते. अर्धं खरं असेल, अर्धं खोटं असेल. रात्री झोप लागते ती खऱ्या अर्ध्यावर. मग मला त्या दोऱ्यांचा अर्थ कळला. जुळं नसलं तरी, एकटं असलं तरी, प्रत्येक पोराला त्या दोरा बांधत होत्या ते गिरधारीसाठी. आणि मी पाळकीणबाईंपुढे त्याला खूळ म्हणाले होते.

त्यानंतर वाचनाला वेगळाच रंग चढला. त्यांना आता एकच माणूस हवा होता. जेरहाचं पुढे काय झालं? पेरेसाचं सगळं सापडतं, त्याला हेस्रोन झाला, पुढे त्याच ओळीत दावीद राजा झाला, थेट प्रभूपर्यंत ओळ जाते. जेरहाचं नाव येतं आणि ओळ त्याला ओलांडून जाते. वर्षभराने आम्ही यहोशवाच्या पुस्तकापर्यंत पोचलो. तिथे आखान नावाचा एक माणूस लुटीतला माल लपवतो आणि सगळे मिळून त्याला दगडांनी मारतात. कोणाच्या घराण्यातला, तर जेरहाच्या. मी वाचून गेले, मग जीभ चावली. सासूबाईंनी ऐकलं होतं.  दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांना म्हणाल्या, धुळ्याला कोणी जाणारं असेल तर लखीचंद शेठच्या पोराची खबर काढ.

पोराचं उत्तम चाललं होतं. लाडकुंवरबाई त्याला तळहातावर ठेवायच्या. अंगात चांगले कपडे, शाळेत पहिल्या पाचात. ह्यांनी हे सांगितलं तेव्हा मला हायसं वाटलं. सासूबाईंना वाटलं नाही. चांगलं चाललं असलं तरी ते त्याचं नव्हे, दुसऱ्याचं ताट त्याला वाढलंय, असं काहीतरी त्या बोलल्या. खरं सांगू का, मी तेव्हा वैतागले. प्रत्येक गोष्टीत स्वतःला फासावर चढवायचं म्हणजे त्यालाही काही सुमार असतो. मी त्यांना बोललेसुद्धा तसं. मग एक-दोन दिवस आमच्याकडे वाचन झालं नाही.

त्या अधूनमधून नशिराबादला जाऊन यायच्या. इंदरचंद शेठच्या परसदारी बसायच्या, कान तुटलेल्या कपातून चहा प्यायच्या, कुसुमलतेशी दोन शब्द बोलायच्या. सांगायचं ठरवून जायच्या आणि न सांगता परत यायच्या. सांगितलं तर दोन घरं हलतील, बन्सीची जागा जाईल, लाडकुंवरबाईंची मांडी रिकामी होईल. नाही सांगितलं तर ज्याचं आहे त्याला कधीच कळणार नाही. ह्या दोन्हींमध्ये त्यांची दहा वर्षं गेली. तारादेवी मध्येच वारल्या.

१९७४ साली इंदरचंद शेठ हार्टफेलने गेले. बाराव्याला सासूबाईंनी जायचा हट्ट धरला. त्यांना आता एकट्याने एसटी झेपत नव्हती, म्हणून मी रजा टाकून बरोबर गेले. अंगणात मांडव होता, समाजातली माणसं पांढऱ्या कपड्यांत बसली होती. बायका आतल्या खोलीत. आम्हाला परसदाराकडच्या उंबऱ्यापाशी बसवलं, तिथून अंगण दिसत होतं. चहा आला. सासूबाईंच्या हातात तोच कप, आणि त्यांच्याबरोबर आलेली म्हणून माझ्याही हातात कुठूनतरी शोधून आणलेला तसलाच एक. मी तो खाली ठेवला तो उचललाच नाही.

त्या दिवशी पगडी होती. या लोकांत बाप गेला की बाराव्याला सगळ्यांसमोर थोरल्या मुलाला पगडी बांधतात, म्हणजे घर आता त्याचं. बन्सीलाल पाटावर बसला होता, एकोणीस वर्षांचा, ओठावर कोवळी मिशी. पगडीचं ताट घेऊन बाजूला उभा होता गिरधारी. त्याला मी पहिल्यांदाच पाहत होते. तोच चेहरा, तीच मिशी, तेच पुढे आलेले कान. फक्त हा सुदृढ, रुंद खांद्यांचा, आणि तो बसलेला हडकुळा. लखीचंद शेठनी पुतण्याच्या डोक्यावर पगडी ठेवली. रावजींनी मूळपुरुषापासून नावं म्हणायला सुरुवात केली. इतकी वर्षं वंशावळ्या वाचून माझ्या कानाला ती चाल ओळखीची झाली होती. एकेक पिढी करत ते इंदरचंदजींपर्यंत आले, आणि इंदरचंदजींचे बन्सीलाल, इथे त्यांनी हात जोडले. गिरधारीचं नाव त्याआधीच येऊन गेलं होतं, लखीचंदांखाली. ताट धरून उभं असलेलं ते पोर रावजींच्या तोंडाकडे बघत होतं. बाप गेलेला दोघांचा, पण बापाच्या नावापुढे नाव एकाचंच. त्याने ताट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं आणि आत बायकांच्या खोलीकडे पाहिलं.

सासूबाईंनी माझा हात धरला.  "आज सांगस," त्या म्हणाल्या. म्हणजे, आज सांगते.

मंडळी जेवायला बसली तेव्हा आम्ही आत गेलो. कुसुमलता कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. लाडकुंवरबाई आजारी असल्याने धुळ्याहून येऊ शकल्या नव्हत्या, आणि बाकीच्या बायका वाढायला गेल्या होत्या. सासूबाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि एका दमात सगळं बोलून गेल्या. मोळी, सूप, रक्त, बोट. "माले ठाव नव्हतं," त्या म्हणाल्या. "तरी मी बोट दखाडं. थोरला कोन ते माले आजबी ठाव नई. तुमी माले काय म्हनाल ते म्हना."

कुसुमलतेने मधे एकदाही अडवलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर ती शांतपणे म्हणाली, "बाई, मला ठाऊक होतं."

ती भिंतीपासून पुढे सरकली.

"सूप माझ्या उशाशी होतं. तुम्ही माझं रक्त थांबवत होता, मी पोरांकडे बघत होते. दुसरा निळा झाला होता ना, तो माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू लाल झाला. तुम्ही बोट केलं ते त्याच्याकडे. पहिला गिरधारी, बाई. तुमचं चुकलं."

"मंग तू बोलनी काबरं नई?" सासूबाईंनी विचारलं.

"बोलले असते तर निळा धुळ्याला गेला असता. त्याला नीट ओढताही येत नव्हतं, वरच्या दुधावर तो चार दिवस जगला नसता. गिरधारी धडधाकट होता. मी म्हटलं, हा कुठेही जगेल. म्हणून मी गप्प बसले." तिने पदर पुढे ओढला. "जगला. पण आज पगडी बांधताना तो आत माझ्याकडे बघत होता. मला वर बघवलं नाही."

सासूबाई जमिनीवर हात टेकून बसल्या होत्या. एखादी दुसरी बाई असती तर तिला बरं वाटलं असतं. आपल्या चुकीने एक पोर वाचलं, आईनेच तसं म्हटलं, मग आणखी काय पाहिजे? मीही तेच मनात म्हणत होते. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला कळलं की ज्या अर्ध्यावर ही बाई इतकी वर्षं झोपत होती, ते अर्धं आता गेलं.

"त्याले सांगाले पाहिजे," त्या म्हणाल्या.

"तुम्ही सांगा," कुसुमलता म्हणाली. "तुम्ही सांगितलं तर मी नाही म्हणणार नाही. मला नाही जमणार. काय सांगू त्याला, तू दणकट होतास म्हणून तुला दिलं?"

तेवढ्यात तोच दारात आला. धुळ्याची गाडी गाठायची होती, हातात पिशवी होती, चपला त्याने बाहेर काढल्या होत्या. तो आम्हा दोघींना ओळखत नव्हता, तरी त्याने हात जोडले. मग कुसुमलतेपुढे वाकून तिच्या पायांना हात लावला.

"काकीजी, चालूं हूं."

कुसुमलतेने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात निघेना. पोरगं बिचारं तसंच वाकून राहिलं. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या त्याच्या अगदी जवळ बसल्या होत्या, हात पुढे केला असता तर त्याच्या खांद्याला लागला असता. त्यांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलतील. मला वाटलं, बोलू नयेत. दोन्ही एकदमच वाटलं.

शेवटी कुसुमलताच बोलली. "थारी मां ने म्हारा पगे लागणा कहीजे." तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

"कहूंला," तो म्हणाला. मग सरळ उभा राहिला, सासूबाईंकडे वळून पुन्हा एकदा हात जोडले आणि चपला घालून निघून गेला. सासूबाईंचं तोंड मिटलेलं होतं. आता मात्र थोरला कोण ते त्यांना ठाऊक होतं.